हरितगृहातली झाडं नजरेआड, पण उजेडात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची गच्ची पुण्यात, दुमजली घरावर. तिच्यावर दहा बाय पंधरा फुटांचं छोटं हरितगृह आहे: जीआय पाइपचा सांगाडा, वरून प्लास्टिकची फिल्म, आत ऑर्किड, ॲन्थुरियम आणि थोडी ॲडेनियम. शेजारचा बंगला पाडून तिथे अकरा मजले उभे राहिले आणि आमची गच्ची एकदम साठ-सत्तर खिडक्यांच्या समोर आली. तेव्हापासून आडोशाचे बरेच उद्योग केले, त्यातले निम्मे फसले. आता फोनवर, नर्सरीत, एकदा तर लग्नात पंगतीला बसल्यावरही लोक याबद्दलच विचारतात. तेच ते प्रश्न इथे एकत्र केलेत. मोजमापं पुण्याच्या हिशेबानं आहेत. मुंबई, नाशिक, कोल्हापूर किंवा गोव्यात थोडाफार फरक पडेल, तत्त्व तेच.

१. आडोसा केला की उजेड जाणारच ना? दोन्ही एकदम कसं जमणार?

जमतं, कारण नजर सरळ रेषेत येते आणि उजेड चहूकडून येतो. समोरच्या खिडकीतून तुमची कुंडी दिसायची तर मधली रेषा मोकळी हवी. झाडाला तशी गरज नसते. आभाळातून, पांढऱ्या भिंतीवरून, दुधी कागदातून फुटून आलेला उजेडही त्याला चालतो, पुष्कळदा जास्तच मानवतो. कडक ऊन फक्त वरच्या पानांवर पडतं आणि खालची सावलीत राहतात. विखुरलेला उजेड खालच्या पानांपर्यंत पोचतो. नेदरलँड्समधल्या वॅगेनिंगेन विद्यापीठात काकडी आणि टोमॅटोवर असे प्रयोग झाले आहेत आणि उजेड विखुरणाऱ्या काचेखाली उत्पादन वाढलेलं दिसलं आहे.

म्हणून ‘कशानं झाकू?’ याआधी ‘उजेड न अडवता नजर कशी मोडू?’ हे विचारा. आपल्याकडे हे नवीन नाही. मिरज तालुक्यातल्या आरग, बेडग, नरवाडच्या पानमळ्यांत जाऊन बघा. शेवरी, शेवगा, हादगा, पांगारा यांच्या दाट ओळी, त्यांच्यावर चढलेले पानवेल. रस्त्यावरून आतलं काही दिसत नाही. चपला बाहेर काढून आत शिरलं की हिरवा, मऊ उजेड असतो, इतका की हातातलं पान आरामात न्याहाळता येतं. भिंत कुठेच नाही आणि बाहेरच्याला आतलं दिसतही नाही.

२. आडोसा नक्की कुठे आणि किती उंच लागेल, हे कसं ठरवायचं?

दुकानात जाण्याआधी गच्चीवर एक तास घालवा. झाडं ठेवणार तिथे पाट टाकून बसा, म्हणजे डोळे झाडांच्या उंचीवर येतील, आणि चारी बाजूंना बघा. तुम्हाला जी खिडकी दिसते, तिच्यातूनच तुम्ही दिसता. बाकीच्या विसरा. आमच्या साठ-सत्तर खिडक्यांपैकी त्रास खरा अकरा खिडक्यांचा निघाला. उरलेल्या जिन्याच्या, संडासाच्या, नाहीतर टाकीआड गेलेल्या होत्या.

मग उंची. समजा समोरच्या माणसाचे डोळे तुमच्या गच्चीपेक्षा २० फूट वर आहेत, तो ४० फूट लांब आहे आणि झाड ३ फूट उंच आहे. आडोसा झाडापासून १० फुटांवर कठड्याला लावलात तर तो सव्वासात फूट उंच लागेल. झाडापासून २ फुटांवर लावलात तर चार फुटांत काम होतं. वरून बघणाऱ्यासाठी आडोसा झाडाजवळ आणि बुटका हवा. बहुतेक जण उलटं करतात, कठड्यावर उंच जाळी ठोकतात आणि वाऱ्याशी भांडत बसतात. खात्री नसेल तर एकानं सुतळीचं टोक झाडापाशी धरावं, दुसऱ्यानं ती खिडकीच्या रोखानं ताणावी. सुतळी जिथून जाते तिथे आडोसा लागतो.

३. कुठली बाजू झाकली तर उजेडाचं नुकसान कमी?

उत्तरेची. डिसेंबरात पुण्यात भर दुपारी सूर्य दक्षिणेकडे असतो, क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर. सहा फुटांची भरीव भिंत दक्षिणेला असेल तर तेव्हा तिची सावली भर दुपारीही साधारण साडेपाच फूट आत पसरते, म्हणजे लहान हरितगृहाचा अर्धा भाग गेला. मार्च आणि सप्टेंबरात तीच सावली दोन फुटांची होते. मेच्या मध्यापासून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य डोक्यावरून किंचित उत्तरेकडेच सरकतो, तेव्हा दक्षिणेची भिंत असून नसल्यासारखी.

म्हणून उत्तरेला बिनधास्त भरीव आडोसा करा आणि त्याची आतली बाजू पांढरी रंगवा, म्हणजे समोरून आलेला उजेड परत झाडांवर पडेल. पश्चिमेला दाट जाळी चालते, उलट एप्रिलात ती उपकारच करते. पूर्वेचं कोवळं ऊन शक्यतो हातचं घालवू नका. दक्षिणेला भरीव काही नको, फक्त दुधी किंवा विखुरणारं (प्रश्न ६).

एक अपवाद: पश्चिमेला उंच इमारत असेल आणि तिच्या काचांवरून ऊन तुमच्याकडे उलटून येत असेल, तर त्या बाजूला उजेड आहे त्यापेक्षा जास्त धरून चला. आमची काही पानं अशीच भाजली, आणि कारण कळायला दोन उन्हाळे लागले.

४. माझ्या झाडांना किती उजेड पुरे, हे कसं कळणार?

उजेड लक्समध्ये मोजतात. भर दुपारचं उघडं ऊन म्हणजे साधारण एक लाख लक्स. फॅलेनॉप्सिस ऑर्किडला दहा ते पंधरा हजार पुरतात, ॲन्थुरियमचंही थोड्याफार फरकानं तेच. डेंड्रोबियमला वीस-तीस हजार लागतात, व्हॅंडाला त्याहून जास्त. जरबेऱ्याला चाळीस-पन्नास हजार हवेत. ॲडेनियम, गुलाब, बोगनवेल, बहुतेक निवडुंग हे उन्हाचे भुकेले. त्यांना नजरेआड करायचं तर वरचं आभाळ मोकळं ठेवूनच. नेचे आणि कॅलाथिया सावलीतली मंडळी.

फोनमधलं लक्सचं ॲप आकडा अचूक देत नाही, पण तुलनेला चालतं. आधी उघड्यावर मोजा, लगेच आत झाडाच्या उंचीवर मोजा. बाहेर ऐंशी हजार आणि आत वीस, म्हणजे पाव उजेड पोचतो. फोनही नको असेल तर पांढऱ्या कागदावर एक फूट उंचीवर हात धरा. सावलीच्या कडा धारदार असतील तर भरपूर ऊन. कडा पुसट पण पाचही बोटं मोजता येत असतील तर बहुतेक ऑर्किडांचं भागतं. सावली शोधावी लागत असेल तर तिथे नेचाच ठेवा.

५. शेडनेट कुठलं घ्यावं? हिरवं की पांढरं, ५० टक्के की ९०?

आकडा म्हणजे जाळी किती उजेड अडवते ते. ५० टक्क्यांची जाळी निम्मा अडवते. दोन थर टाकले तर सगळा अडत नाही, निम्म्याचा निम्मा म्हणजे पाव उरतो. हा गुणाकार विसरून लोक वर ५० आणि बाजूला ७५ लावतात, वर पुन्हा फिल्म घालतात, आणि मग झाड फुलत का नाही म्हणून खत बदलत बसतात.

रंगाचं म्हणाल तर हिरवी जाळी दुकानात ढिगानं मिळते म्हणून सगळीकडे दिसते. झाडाच्या दृष्टीनं पांढरी बरी, ती उजेड विखुरते. नजरेच्या दृष्टीनंही पांढरीच बरी: दिवसा बाहेरून तिच्यावर ऊन पडतं, ती चमकते आणि मागचं दिसेनासं होतं. काळी सगळ्यात जास्त टिकते, पण तापते आणि आतलं त्यामानानं स्पष्ट दिसू देते.

माझा पहिला पराक्रम म्हणजे चारी बाजूंना ९० टक्क्यांची हिरवी जाळी. अकरा मजल्यांचा राग होता, दुसरं काही नाही. व्हॅंडाची पानं दोन महिन्यांत छान गर्द हिरवी झाली आणि येणारेजाणारे कौतुक करू लागले. ऑर्किडचं पान गर्द हिरवं होणं म्हणजे उपासमार. ते पोपटी असायला हवं. लोंबत्या मुळांची टोकं एरवी ओली, हिरवट, करंगळीच्या नखाएवढी असतात. ती पांढरी पडून मिटली. चौदा महिने फुलाचा दांडा नाही. आता बाजूंना ५० टक्क्यांची पांढरी जाळी आहे, तीही फक्त त्रासाच्या खिडक्यांसमोर.

६. जाळीऐवजी फिल्म, पॉलिकार्बोनेट किंवा फायबरचा पत्रा घेतला तर?

आडोसा आणि उजेड दोन्ही हवेत तर माझं मत फिल्मच्या बाजूनं. पॉलिहाऊससाठी मिळणारी २०० मायक्रॉनची, अतिनील किरणांना टिकणारी ‘डिफ्यूज’, म्हणजे उजेड विखुरणारी, फिल्म मागा. ती बहुतेक उजेड आत सोडते, पण पलीकडचा माणूस नुसता रंगाचा डाग होतो. विकणाऱ्याला दोन वेगळे आकडे विचारा: उजेड किती आत येतो आणि त्यातला किती विखुरतो. पहिला जास्तीत जास्त हवा, दुसरा पन्नास टक्क्यांच्या आसपास. दुकानदार दोन्हींचा घोळ घालतो आणि ‘दुधी म्हणजे सावली’ म्हणून मोकळा होतो. तसं नाही. कच्च्या दुधासारखा पांढराफटक कागद खरंच उजेड खातो. धुक्यासारखा दिसणारा खात नाही. नमुना हातात घेऊन त्यातून वर्तमानपत्र बघा. कागदाला टेकवल्यावर अक्षरं वाचता यावीत आणि वीतभर दूर नेल्यावर वाचता येऊ नयेत, असा तुकडा चांगला.

पॉलिकार्बोनेटची पोकळ नळ्यांची दुपदरी शीट महाग पण भक्कम. पारदर्शक घेतली तरी नळ्यांमुळे पलीकडचं फाटल्यासारखं दिसतं, आणि ६ मिलिमीटरची शीट साधारण ऐंशी टक्के उजेड सोडते. ‘ओपल’ म्हणून दुधी शीट मिळते ती पुष्कळ कमी सोडते, तेव्हा आकडा बघूनच घ्या. फायबरचा पन्हाळी पत्रा पहिली काही वर्षं छान असतो, मग पिवळा पडून आतले धागे उघडे होतात. तो गाडीच्या शेडला ठेवा.

७. माझं हरितगृह साध्या काचेचं आहे. काच न बदलता काय करता येईल?

सगळ्यात स्वस्त उपाय म्हणजे चुना. चुन्याचं पाणी, निवळीपेक्षा जरा दाट, मार्चमध्ये बाहेरून ब्रशनं फिरवा. नजर अडते, उन्हाळ्याचा मारा कमी होतो आणि जूनमध्ये नेमका उजेड हवा असतो तेव्हा पाऊसच तो धुऊन नेतो. टिकावा म्हणून त्यात डिंक किंवा फेविकॉल घालू नका. मग पावसाळ्यात पत्रीनं खरवडत बसावं लागतं. चुना ॲल्युमिनियमला खातो आणि पॉलिकार्बोनेटही खराब करतो, म्हणून तो फक्त काचेवर, आणि चौकटीला आधी चिकटपट्टी. डोळ्यांवर चष्मा.

कायमचं हवं असेल तर फ्रॉस्टेड फिल्म चिकटवा. घासून दुधी केलेली काच घेताना मात्र एक गोम लक्षात ठेवा: तिची खरखरीत बाजू ओली झाली की ती पारदर्शक होते. खरखरीत बाजू बाहेर असेल तर पावसात, आत असेल तर पाणी फवारल्यावर आतलं सगळं दिसतं. नक्षीची काच किंवा आत दुधी थर असलेली काच घेतलीत तर हा प्रश्न येत नाही.

८. ऑफिसच्या काचांना लावतात ती आरशासारखी फिल्म चालेल का? आतून दिसतं, बाहेरून नाही.

झाडांसाठी नको. ती बराचसा उजेड परत फेकते आणि तो शेजाऱ्यांच्या डोळ्यांत जातो. शिवाय तिची जादू फक्त बाहेर जास्त उजेड असेपर्यंत. संध्याकाळी आत दिवा लावला की खेळ उलटतो: बाहेरच्यांना सगळं दिसतं आणि तुम्हाला स्वतःचा चेहरा.

९. मला रस्त्यावरून नाही, वरच्या मजल्यांवरूनच बघतात. छप्परच झाकायचं का?

हा सगळ्यात अवघड प्रकार, कारण नजर आणि ऊन एकाच दिशेनं येतात. आधी प्रश्न २ मधला सुतळीचा प्रयोग करा. पुष्कळदा वाटतं वरून, पण नजर तिरकी येत असते आणि झाडाजवळचा बुटका आडोसा पुरतो.

खरोखर डोक्यावरून दिसत असेल तर छताला विखुरणारी फिल्म (प्रश्न ६) घाला, जाळी नाही. आमच्या छताला तीच आहे. वरच्या मजल्यावरच्या एका काकूंनी मला कौतुकानं सांगितलं, ‘तुमच्याकडे काहीतरी जांभळं फुललंय हो!’ जांभळं होतं ते माझं पाण्याचं टमरेल. तेवढंच दिसतं, रंगाचा गोळा.

लाकडी किंवा पीव्हीसीच्या तिरक्या पट्ट्या लावायच्या असतील, जुन्या बंगल्यांच्या खिडक्यांना झडपा असतात तशा, तर पट्टीचा कल विचारपूर्वक ठेवा. बघणारा खाली रस्त्यावर असेल तर पट्टीची बाहेरची कड वर हवी. नजर अडते आणि आभाळाचा उजेड आत घसरतो. बघणारा वर असेल तर बाहेरची कड खाली ठेवावी लागते आणि त्या बाजूचं ऊनही जातं. म्हणून हा दुसरा प्रकार फक्त उत्तरेला.

१०. वेल चढवले तर? नैसर्गिक पडदा.

दिसायला याहून सुंदर आडोसा नाही, आणि याहून हट्टीही नाही. मधुमालती तिसऱ्या वर्षी तुमच्या परवानगीशिवाय टाकीवर जाते. उत्तर आणि पश्चिम बाजूला मधुमालती, कृष्णकमळ, नाहीतर नर्सरीत ‘कर्टन क्रीपर’ म्हणतात ती खाली लोंबणारी वेल चालते. मात्र वेल हरितगृहाला टेकवू नका. दीड-दोन फूट सोडून वेगळ्या मांडवावर चढवा, नाहीतर मावा आणि पिठ्या ढेकूण थेट आत.

दक्षिणेला हंगामी वेल लावा: गोकर्ण, वाल, दोडका, कारलं. दिवाळीनंतर काढून टाकता येतात, म्हणजे हिवाळ्यातलं तिरपं ऊन मोकळं होतं. गुळवेल हे काम स्वतःच करते, थंडीत पानं गाळते आणि उन्हाळ्याच्या तोंडाला पुन्हा पालवते. अडचण एवढीच की तेव्हा तीन महिने नजरही मोकळी होते. त्या दिवसांपुरती प्रश्न ११ मधली साडी.

११. भाड्याचं घर आहे, खर्च करायचा नाही. तात्पुरतं काय?

जुनी पांढरी किंवा फिक्या रंगाची सुती साडी. थट्टा नाही. डाळिंबाच्या बागांवर उन्हाचे चट्टे पडू नयेत म्हणून शेतकरी जुन्या साड्या पांघरतात ते तुम्ही पाहिलं असेल. एकेरी साडी उजेड विखुरते, हवा सोडते, मळली तर धुता येते आणि वादळात फाटली तर जीव हळहळत नाही. सिंथेटिक साडी जास्त टिकते पण फडफडते फार.

कोकणात असाल तर माडाची झापं आहेतच. पण ती भरीव, म्हणून उत्तरेलाच. कुरिअरच्या फुग्यांचा प्लास्टिक कागद पहिल्या दिवशी उत्तम असतो, उन्हाळा संपेपर्यंत त्याचा चुरा होऊन कुंड्यांत पडतो. नको.

आणि सगळ्यात फुकटचा उपाय: कुंड्यांची मांडणी बदला. बाहेरच्या रांगेत धट्टीकट्टी, उन्हाची, कुणी बघितली तरी चालतील अशी झाडं, आत नाजूक. अरेका पाम किंवा कर्दळीचे चार डबे पुष्कळ खिडक्या झाकतात.

१२. आडोसा केल्यापासून आत भट्टी झालीय.

कारण तुम्ही नजरेबरोबर वाराही अडवलात. हवेला खालून यायला आणि वरून जायला वाट हवी. बाजूचा आडोसा जमिनीपासून एक फूट वर सुरू करा आणि छताच्या एक फूट आधी संपवा. खालच्या फटीतून कुणाला काही दिसत नाही, फार तर कुंड्यांचे बूड. वरच्या फटीतून दिसेल असं वाटत असेल तर छत बाहेर फूटभर काढा. पूर्ण बंद करायचंच असेल तर फिल्म गुंडाळून वर करता येईल अशी लावा. पॉलिहाऊसच्या बाजूच्या पडद्यांचं तेच तंत्र आहे: खाली फिक्स पट्टा, वर कीटकजाळी, तिच्यावरून खालीवर होणारा पडदा.

१३. पावसाळ्यात वेगळं काही करावं लागतं?

हो, उघडावं लागतं. जुलैच्या दाट ढगाळ दिवशी बाहेरच दहा-वीस हजार लक्स असतात. ५० टक्क्यांची जाळी तेव्हा ५० टक्केच अडवते, पण उरलेलं झाडाला पुरत नाही, आणि बुरशी टपलेली असतेच. म्हणून जाळी शिवून किंवा तारेनं कायमची बांधू नका. कड्या आणि हुक लावून पडद्यासारखी सरकती ठेवा. पावसाळ्यात समोरचे लोक खिडक्या लावून बसतात, नजरेचा त्रासही तेव्हा कमीच असतो.

फिल्मवर धूळ आणि शेवाळ साचतं, तेही उजेड खातं. वर्षातून दोनदा, मृग लागण्याआधी आणि दसऱ्याच्या आवराआवरीत, साबणाच्या पाण्यानं मऊ फडक्यानं धुवा. वळवाच्या वाऱ्यासाठी फिल्म ॲल्युमिनियमच्या खाचेत झिगझॅग स्प्रिंगनं बसवा. सुतळीनं बांधलेली आमची फिल्म एका मे महिन्यात चार घरं सोडून पाण्याच्या टाकीवर सापडली.

१४. रात्री काय? आत दिवे लावले की सगळं दिसतं.

नियम सोपा: अंधारातल्याला उजेडातलं दिसतं. दिवसा तुम्हाला झाकणारी जाळी रात्री काहीच झाकत नाही. दुधी फिल्म आकार लपवते, पण सावल्यांचा खेळ होतो, आणि आत कुंड्या हलवणारे तुम्ही समोरच्यांना चित्रपटासारखे दिसता. दिवा झाडांच्या मागे नको. तुमच्या आणि आडोशाच्या मध्ये, खाली तोंड करून, टोपी घातलेला हवा. झाडांसाठी जादा दिवे लावत असाल तर जांभळे एलईडी टाळा, पांढरेही तेच काम करतात. जांभळ्या खोलीबद्दल अख्खी गल्ली विचारते.

१५. शेवंतीला आडोशाचा काही उपयोग-तोटा?

उपयोगच. शेवंतीला कळ्या धरायला लांब, अखंड काळोखाची रात्र लागते, पॉइन्सेटियाचंही तसंच. सोसायटीचा हॅलोजन रात्रभर तिच्यावर पडत असेल तर ती पानंच काढत बसते. त्या बाजूचा आडोसा भरीव करा, काळं कापड असलं तरी चालेल. फूलशेतीत हेच उलटसुलट वापरतात: फुलं लांबवायची तर रात्री दिवे, लवकर हवी तर काळा पडदा.

१६. मला नजर नको असं नाही. पहाटे फुलं तोडून नेतात, त्यासाठी झाकायचंय.

अहो, मग हा प्रश्न वेगळा. पहाटे साडेपाचला पिशवी आणि आकडीची काठी घेऊन फिरणारे सभ्य लोक देवाच्या नावावर काय काय नेतात हे मला विचारा. त्यांना अडवायला उजेड अडवायची गरज नाही. हात अडवायचा, डोळे नव्हे. कुंपणापासून काठीच्या लांबीएवढं अंतर, किंवा एक इंची वेल्डमेश म्हणजे तारेची जाळी, तिच्यावर गोकर्ण. जास्वंदीला दिवसाचे सहा तास ऊन हवं, तिला दाट जाळीत कोंडलंत तर चोरालाच नाही, तुम्हालाही फुलं मिळणार नाहीत. मी कुंपणाबाहेर एक तगर लावलीय, सार्वजनिक. गणपतीचे दहा दिवस सोडले तर तह पाळला जातो.

१७. रस्त्यालगत पॉलिहाऊस आहे. येणारेजाणारे थांबून फोटो काढतात, आत शिरतात. कसं झाकू?

व्यापारी पिकात दक्षिण-पूर्वेचा उजेड गमावणं परवडत नाही, म्हणून पॉलिहाऊसला हात लावू नका. रस्ता आणि पॉलिहाऊस यांच्यामध्ये हद्दीवर कुंपण करा. कुंपणाची सावली पिकावर येऊ नये इतकं अंतर सोडा: दक्षिणेला कुंपणाच्या उंचीएवढं, पूर्व-पश्चिमेला शक्यतो दुप्पट. जागा असेल तर शेवरी किंवा बांबूची ओळ, तिचा वाऱ्यालाही उपयोग होतो. दारावर दुहेरी दरवाजा आणि पाय बुडवायला जंतुनाशकाचं पाणी ठेवलंत तर आगंतुक आपोआप कमी होतात, आणि कीडही.

१८. सोसायटी हरकत घेतेय / शेजारी म्हणतात, आमचा उजेड अडला.

गच्ची सामाईक असेल तर आधी सोसायटीची लेखी परवानगी. कायमचं छप्पर, सिमेंटचे खांब वगैरे करण्याआधी महापालिकेचे नियम आर्किटेक्टकडून समजून घ्या; सुटं होणारं, बोल्टचं काम वादात कमी सापडतं. वजनही मोजा, ओल्या मातीच्या कुंड्या फार जड असतात.

शेजाऱ्याची तक्रार हसण्यावारी नेऊ नका. १८८२ च्या इझमेंट कायद्यानुसार एखाद्या इमारतीनं वीस वर्षं अखंड, विनाव्यत्यय उपभोगलेला हवा-उजेड हक्क बनू शकतो. त्यांच्या खिडकीसमोर भरीव भिंत उभी करण्यापेक्षा प्रश्न २ प्रमाणे झाडाजवळ आडोसा करा, म्हणजे त्यांचा उजेड शाबूत आणि तुमची झाडंही.

१९. झाडांना दृष्ट लागते म्हणून झाकायची असतात का?

माझ्या आजीच्या मते लागते, माझ्या मते बहुतेक वेळा पिठ्या ढेकूण लागतो. पानाच्या मागे बघा. मात्र शेतात चुन्याचे ठिपके दिलेलं मडकं उलटं टांगतात ते मीही टांगलंय. पाहुणे झाडांऐवजी त्याच्याकडे बघतात, तेवढा आडोसा होतो.

२०. सगळं झाकलेलं दिसलं की लोकांना संशय येतो. आणि खरंच ‘तसलं’ काही लावायचं असेल तर?

‘तसलं’, म्हणजे गांजा, लावणं १९८५ च्या अमली पदार्थांविरुद्धच्या एनडीपीएस कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याबद्दल इथे काही मिळणार नाही. बाकीच्यांसाठी: रविवारी सकाळी दार उघडं ठेवा, समोरच्या काकूंना एक कटिंग द्या. संशय कटिंगबरोबर जातो.

२१. आधी फार झाकलं होतं, झाडं लांबुडकी झालीत. आता एकदम उघडू का?

एकदम नको. महिनोन्महिने सावलीत वाढलेलं पान थेट उन्हात एका दुपारीत भाजतं. आधी पिवळट, मग पांढरा कागदी डाग, आणि तो डाग पान गळेपर्यंत जात नाही. दोन ते तीन आठवडे घ्या. पहिल्या आठवड्यात फक्त पूर्वेची जाळी सकाळी नऊपर्यंत बाजूला, दुसऱ्यात अकरापर्यंत, मग दक्षिणेची. सुरुवात पावसाळ्याच्या शेवटी किंवा डिसेंबरात करा, मार्चनंतर नाही. लांबलेले दांडे परत आखूड होत नाहीत; ॲडेनियम छाटता येतं, व्हॅंडाला नव्या पानांची वाट बघावी लागते. मुळांच्या टोकांवर लक्ष ठेवा, ती पुन्हा हिरवी, ओलसर झाली की उजेड पुरतोय. तेवढ्यावर थांबा, पुढची जाळी काढू नका.